राणीच्या बागेत विचारलेला प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या धाकट्या बंधूंच्या कुटुंबासमवेत भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. सोबत पंच्याऐंशी वर्षांचे वडीलही होते. वसई रोडला गाडी धरायची, दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेवर जायचे, हा खटाटोप त्यांना झेपेल की नाही अशी शंका होती. परंतु सर्वांच्या आधी तयार होऊन तेच ओट्यावर येऊन बसले. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून खुल्या झालेल्या या उद्यानाला आज वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. लोकांच्या जिभेवरची राणी मात्र अजून हललेली नाही!

मुलांची ओढ अर्थातच पेंग्विनकडे. २०१६ साली दक्षिण कोरियातून असे आठ पक्षी आणले गेले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला. पुढे इतरांची पिले येथेच जन्मली. मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पाखरू भायखळ्यात काचेआडच्या गारव्यात पोहत असते आणि आपण बाहेर घाम पुसत ते पाहत असतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात प्राण्यांविषयी दोन ताकिदी एकमेकींना लागूनच दिल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, ही एक. आणि जो पैसा आधी दुःखी माणसांसाठी वेचायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही उचित नाही, ही दुसरी. रांगेत उभे असताना आम्हांला दुसरी आठवत होती. त्या इवल्या पक्ष्यांना पाहून बाहेर पडलो तेव्हा पहिली.

वाघापाशी मात्र मन खिन्न झाले. तो पाठ फिरवून सावलीत निजला होता आणि काही तरुण त्याला उठविण्यासाठी काचेवर थापा मारीत होते, शिट्ट्या घालीत होते. प्राणिसंग्रहालयातील जनावरांना चिडविणे, खाऊ घालणे, गोंगाट करून त्रास देणे हा आपल्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. पण पाट्या वाचतो कोण? वडील काठी टेकीत पुढे झाले आणि म्हणाले, "पोरांनो, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला असं उठवतात का?" पोरे हसली, पण थांबली.

त्याच वेळी पाचवीत शिकणाऱ्या आमच्या पुतणीने विचारले, "फादर काका, देवाने सगळे प्राणी माणसाच्या हाती दिले, असं आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं. ते कोंडायला दिले का?"

प्रश्न साधा नव्हता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने माणसाला जीवमात्रांवर सत्ता दिली, हे खरे. मात्र त्याच अध्यायात, सत्ता दिल्यानंतर लगेच, माणसाला अन्न म्हणून नेमून दिले आहे ते धान्य आणि फळ. मांसाची मुभा येते ती जलप्रलयानंतर, नोहाच्या काळात. म्हणजे ज्या सत्तेविषयी तेथे बोलले आहे, तिच्यात आरंभी जीव घेण्याचाही अधिकार नव्हता! दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते मशागत आणि राखण करण्यासाठी. राखणदाराला मालकापुढे हिशेब द्यावा लागतो. बायबलमधला चांगला राजा हा मेंढपाळासारखा असतो. कळपाच्या जिवावर पोट भरणाऱ्या मेंढपाळांना संदेष्ट्यांनी किती कठोर शब्दांत झोडपले आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

हे सारे आम्ही तिला शक्य तितके सोपे करून सांगत होतो. वडिलांनी ते अधिक सोपे केले. ते म्हणाले, "आमच्या वाडीत रहाटाला बैल होता. डोळ्यांना झापड बांधून दिवसभर विहिरीभोवती फिरायचा. पण रविवारी त्याला जुंपायचा नाही, हा माझ्या बापाचा नेम. केळी सुकल्या तरी नाही. मिस्साहून आल्यावर बाप आधी त्याला पेंढा घालायचा, मग स्वतः जेवायचा."

आमच्या आजोबांना लिहितावाचता येत नव्हते. दहा आज्ञांमधल्या शब्बाथाच्या विसाव्यात बैलाचे आणि गाढवाचे नाव आहे, हे अनुवादाच्या पाचव्या अध्यायात आम्ही सेमिनरीत वाचले. त्यांनी ते कोठून घेतले, देव जाणे.

तर मग सारे पिंजरे मोडावेत काय? आर्माँ दाविद नावाचे एक फ्रेंच मिशनरी धर्मगुरू चीनमध्ये होते. १८६५ साली त्यांनी पेकिंगजवळच्या शाही शिकारबागेत, भिंतीपलीकडे, एक अनोखे हरीण पाहिले आणि जगाला त्याची ओळख करून दिली. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते. पुढे पूर आणि १९०० सालचे बंड यांत चीनमधला तो कळपही संपला. पण काही हरणे युरोपच्या प्राणिसंग्रहालयांत गेली होती. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या ड्यूकने त्यांतली उरलीसुरली अठरा आपल्या कुरणात एकत्र आणली आणि १९८५ साली त्यांचे वंशज चीनमध्ये, त्याच जुन्या बागेच्या जागी, परत गेले. धर्मगुरूंच्या नावाने ओळखले जाणारे ते हरीण आज आहे ते कुंपणामुळेच. उलट हत्तीला असले कुंपण मानवत नाही, म्हणून आपल्याकडे २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नयेत असा आदेश काढला. कुंपण कोणासाठी घातले आहे, आतल्यासाठी की बाहेरच्यासाठी, हे दर वेळी निराळे तपासावे लागते.

परतीच्या गाडीत पुतणी बराच वेळ गप्प होती. मग तिने वडिलांना विचारले, "पप्पा, आपल्या मिठूचं काय?"

बंधूंच्या पडवीत चार वर्षांपासून पोपट आहे. आपल्या धर्मग्रामातील किती ओट्यांवर असे पिंजरे टांगलेले आहेत, ते घरे आशीर्वादित करताना आम्ही पाहतो. देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाजारात येणारी पिले झाडांच्या ढोलीतून काढलेली असतात. आणि घरट्यातली पिले घेताना त्यांच्या आईला हात लावू नये, एवढी बारीक काळजी मोशेच्या नियमशास्त्राने घेतली आहे. पण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी एकाएकी उडवून दिला तर कावळे त्याला जगू देत नाहीत, हे बंधूंचे म्हणणेही खोटे नव्हते.

भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत कोणी बोलले नाही. मग, वन खात्याच्या कार्यालयात नेमके कोणाला भेटावे लागते, असे बंधूंनी आम्हांला विचारले.