देणाऱ्याचें भय

दान घेणाऱ्यास संकोच वाटतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दान देणाऱ्यासहि कांहीं भय वाटलें पाहिजे, ही गोष्ट आपल्या समाजांत फारशी कोणी बोलत नाहीं. तैत्तिरीय उपनिषदांत अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्यास आचार्य जो उपदेश करतात, त्यांत दान श्रद्धेनें द्यावें, ऐपतीप्रमाणें द्यावें, विनयानें द्यावें, असें सांगून झाल्यावर तें भीतीनेंहि द्यावें असें सांगितलें आहे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असतां ही भीति कोणाची, असा प्रश्न वर्गांतील एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारी. त्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांपेक्षां गेल्या सहा वर्षांतील एका कामानेंच आम्हांस अधिक स्पष्टपणें दिलें. तें काम वाचकांपुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

आमचे एक जुने विद्यार्थी व्यवसायांत नांवारूपास आले. त्यांनीं आपल्या मातापित्यांच्या स्मरणार्थ एक लहानसा धर्मादाय न्यास केला असून, मागासलेल्या भागांतील शिक्षण, आरोग्य व ग्रामसुधारणा ह्या कार्यांसाठीं त्यांतून वर्षास सुमारें २० लक्ष रुपये निरनिराळ्या संस्थांस दिले जातात. आलेले अर्ज वाचणें, जमल्यास स्थळ पाहून येणें आणि विश्वस्तांपुढें आपलें मत ठेवणें, हें काम त्यांनीं आम्ही सेवानिवृत्त झाल्यावर आमच्याकडे सोंपविलें. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें पाठशाळेंत संस्कृत झालें. हिशेबतपासनीसाची विद्या आम्हांस नाहीं. परंतु जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यावर कोणती वही मुलानें स्वतः लिहिली व कोणती घरीं वडिलांनीं लिहून दिली, हें ओळखण्याची संवय डोळ्यांस लागते. ती येथें बरीच उपयोगीं पडते.

दानाचा विचार आमच्या पूर्वजांनीं कांहीं थोडा केलेला नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या चतुर्वर्गचिंतामणि ग्रंथांत दानावर एक सबंध खंड लिहिला. गीतेच्या सतराव्या अध्यायांत देश, काल व पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न धरितां दिलेलें दान सात्त्विक ठरविलें आहे. आधुनिक काळांत हाच विचार कायद्याच्या भाषेंत आला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणें ठराविक मर्यादेपलीकडील मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आली आणि तेव्हांपासून अनुदान देणें हा एक मोठा व्यवहारच होऊन बसला. तथापि त्याच कलमांत कंपनीनें आपल्या आसपासच्या प्रदेशास प्राधान्य द्यावें असेंहि म्हटलें आहे. कारखाने जेथें आहेत तेथें पैसा अधिक जातो. जेथें कारखाने नाहींत, रस्ते नाहींत, तेथें तो कमी पोहोंचतो. केंद्र सरकारनें २०१८ सालीं देशांतील शंभरांहून अधिक मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले. त्यांत आपल्या महाराष्ट्रांतील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) हे चार होते. काल आणि पात्र यांचा विचार होतो. देशाचा विचार मात्र मागें पडतो, असें आम्हांस वाटतें.

एके वर्षीं न्यासाकडे दोन अर्ज एकाच आठवड्यांत आले. पहिला एका तालुक्याच्या गांवच्या संस्थेचा होता. रंगीत छायाचित्रें, सुबक बांधणी, संगणककक्षाचा नकाशा आणि दात्याच्या नांवाची संगमरवरी पाटी कोठें बसविली जाईल त्याचें चित्रसुद्धां त्यांत होतें. दुसरा अर्ज एका कागदाचा, हातानें लिहिलेला. तो नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी तालुक्यांतून एका तरुण कार्यकर्तीनें पाठविला होता. त्या भागांतील पुष्कळशीं कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं व इतर मजुरीसाठीं गुजरातेंत जातात. आईबापांबरोबर मुलें गेलीं कीं त्यांची शाळा सुटते, आणि पुष्कळांची कायमची सुटते. म्हणून तेवढे महिने मुलांस गांवांतच ठेवून घ्यावें, गांवच्याच दोन शिकलेल्या स्त्रियांनीं त्यांस सांभाळावें व शिकवावें, एकीनें स्वयंपाक करावा, अशी तिची योजना होती. मागणी वर्षास ३ लक्ष ८० हजारांची. त्यांतील बहुतेक रक्कम ह्या तिघींच्या मानधनाची होती. पाटी लावण्याजोगें त्यांत कांहींच नव्हतें.

न्यासाच्या नियमांत मानधनासाठीं अनुदान देऊं नये असें एक कलम होतें. तरीहि आम्ही जानेवारींत तेथें गेलों. नंदुरबारहून शहाद्यामार्गें सातपुड्याचा घाट चढून धडगांव, आणि तेथून पुढें जीपगाडीनें दीड तास. एका लांबट, पत्र्याच्या छपराच्या घरांत ३८ मुलें होतीं. तिसरीच्या एका मुलानें आम्हांस पुस्तकांतील धडा खडखडीत वाचून दाखविला. त्यांत ‘समुद्र’ हा शब्द आला. आम्हीं अर्थ विचारला, तेव्हां तो गप्प राहिला. घरीं त्याची भाषा पावरी. मराठी त्यास शाळेंतच भेटते. मग त्या शिकविणाऱ्या बाईंनीं पावरींतून कांहीं सांगितलें. नर्मदेचें सगळें पाणी शेवटीं जेथें जातें तो समुद्र, असें तिनें सांगितल्याचें मागाहून कळलें. मुलानें क्षणभर विचार केला आणि तिला उलट विचारलें, “मग तिकडचीं गांवेंहि बुडालीं का?” त्या तालुक्यांतील नर्मदाकांठचीं गांवें सरदार सरोवराच्या पाण्याखालीं गेलीं, हें ज्यांस माहीत आहे त्यांस ह्या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. एवढा मोठा प्रश्न त्या मुलास विचारतां आला, तो त्याची भाषा जाणणारी बाई समोर होती म्हणून. तिच्या मानधनाचा उपयोग काय, हें तेथें आम्हीं कानांनीं ऐकलें.

जवळच्याच एका शाळेंत कोणा दात्यानें दिलेले सहा संगणक कपाटांत होते. वीज दिवसांतून केव्हां येईल याचा नेम नाहीं आणि बिघडलें तर दुरुस्त करणारा दोन तालुक्यांत नाहीं. कपाटावर दात्याच्या नांवाची पितळी पाटी मात्र स्वच्छ पुसलेली होती.

निघतांना त्या कार्यकर्तीस आम्हीं विचारलें, “ताई, तुम्हांला आणखी कांहीं सांगायचें आहे का?” ती म्हणाली, “गुरुजी, एकच आहे. पैसे मिळाले नाहींत तर मुलांना नाहीं म्हणून सांगतां येतें. त्यांना ऐकायची संवय आहे. पण तीन वर्षें ठेवून घेऊन चौथ्या वर्षीं ‘आतां जा’ कसें सांगायचें? तेवढें विचारून या.”

उपनिषदांतील भीति ती हीच, असें त्या दिवशीं आमच्या मनानें घेतलें. न दिल्यानें जें बिघडतें तें डोळ्यांपुढें असतें. दिल्यानें जें बिघडूं शकतें तें आपण घरीं परतल्यावर, पुष्कळ दूर आणि कांहीं वर्षांनीं बिघडतें. तें दिसत नाहीं म्हणून देणारा निर्भय असतो.

विश्वस्तांच्या सभेंत बराच खल झाला. त्यांतील एक सद्गृहस्थ हिशेबतपासनीस आहेत. ते म्हणाले, “इमारत दिसते, मोजतां येते. पगार दिसत नाहीं. आणि एकदां सुरू केला कीं संस्था पांगळी होते.” ही शंका खोटी नव्हे. मानधनाच्या नांवाखालीं पैसा कोठें जातो, हें आम्हांसहि कांहीं अर्जांत दिसलें आहे. परंतु गरीब प्रदेशांतील जें काम खरोखर फळास आलें, तें बहुधा माणसांवर केलेल्या खर्चानेंच आलें आहे. आम्हीं गडचिरोलीचें उदाहरण दिलें. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. ३९ गांवांतील स्त्रियांस शिकवून तयार करून त्यांनीं नवजात बालकांची शुश्रूषा घरच्या घरीं सुरू केली. त्या गांवांत १९९३ ते १९९५ या काळांत जन्मलेल्या दर हजार बालकांमागें सुमारें ६२ बालकें पहिल्या महिन्यांतच दगावत. १९९७-९८ सालीं हें प्रमाण २५.५ वर आलें. ही हकीकत १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली, आणि २०११ सालीं भारत सरकारनें आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धति देशभर स्वीकारली. येथें औषध कोणतें म्हणाल, तर गांवांतील शिकविलेली बाई! तिच्यावर दात्याच्या नांवाची पाटी कोठें लावणार?

आणि पांगळेपणाविषयीं म्हणाल, तर त्याचेंहि उत्तर आपल्याच इतिहासांत आहे. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठास १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १५ लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींचें नांव विद्यापीठास मिळालें. तें दान थोरच होतें. परंतु त्यापूर्वीं वीस वर्षें अण्णासाहेबांनीं विधवांच्या आश्रमासाठीं लहानसहान रकमा दारोदार फिरून जमविल्या होत्या, हेंहि विसरतां येत नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, मंगळसूत्रसुद्धां, मोडले. आणि गांवोगांवच्या घरांतून मूठमूठ धान्य बाजूस काढण्याचा मुष्टिफंड त्यांच्या संस्थेस आधार झाला. ज्या घरांतून रोज मूठभर ज्वारी जाते, त्या घरास ती संस्था आपली वाटते. आणि तें घर संस्थेचें निरीक्षणहि कोणत्याही तपासनीसापेक्षां चोख करतें.

अखेरीस तीन वर्षांसाठीं अनुदान मंजूर झालें. नियमांतील कलम विश्वस्तांनीं बदललें. अहवाल वर्षांतून दोनदां, मराठींत, दोन पानांचा असावा, ही आमची सूचनाहि मान्य झाली. कारण दुसऱ्या देणगीदारांचे चार निरनिराळे इंग्रजी नमुने भरण्यांत त्या कार्यकर्तीचे महिन्यांतील कितीतरी दिवस जात होते. मुलांसाठीं दिलेला वेळ तक्त्यांत जातो, आणि मग तक्ते पाहून देणारा म्हणतो, मुलांकडे दुर्लक्ष झालें!

पहिल्या वर्षाच्या अखेरीस पालकांनीं आपण होऊन ठरविलें कीं, मजुरीस निघण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें मक्याचें एक पोतें तेथें ठेवून जावें. दुसऱ्या वर्षीं ग्रामसभेनें लक्ष घातलें. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामपंचायतींस आदिवासी उपयोजनेच्या निधीपैकीं ५ टक्के रक्कम थेट मिळते. तिच्यांतून पिण्याच्या पाण्याची टाकी व स्वयंपाकघराचें सामान झालें. मानधनाचा प्रश्न मात्र आहे तेथेंच आहे. तिसरें वर्ष येत्या मार्चअखेर संपतें. न्यासाकडे नवे अर्ज आले आहेत, त्यांतील कांहीं चांगलेहि आहेत. आणि ‘एकाच संस्थेस किती वर्षें?’ हा प्रश्न विश्वस्तांनीं पुन्हा काढला आहे.

आमच्या विद्यार्थ्यानें परवां दूरध्वनीवरून हेंच विचारलें. आम्हीं सांगितलें, “किती वर्षें, हें आज सांगतां येणार नाहीं. पण दोन गोष्टी लिहून देतां येतील. एक, येत्या दोन वर्षांत मानधनाचा अर्धा भार तरी दुसऱ्या कोणाकडे लागेल अशी खटपट न्यासानें स्वतः करावी. ती त्या मुलीच्या एकटीच्या डोक्यावर टाकूं नये. दुसरी, थांबावयाचें झाल्यास पुरें एक वर्ष आधीं कळवावें, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर मुलांस परत पाठविण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.” तो थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “गुरुजी, हें सभेंत तुम्हींच सांगा.” आम्ही सांगणार आहों.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं वडील मंडळींच्या स्मरणार्थ दरवर्षीं कांहीं रक्कम बाजूस काढली जाते. बाक, कपाट, पंखा, पाटी हें देणें सोपें आहे, आणि तेंहि वाईट नव्हे. परंतु यंदा रक्कम पाठविण्यापूर्वीं त्या संस्थेस एक पत्र लिहून विचारावें कीं, तुमच्याकडे कोणाचें मानधन थकलें आहे काय? उत्तर आल्यावर जमेल तेवढें द्यावें, आणि पुढील वर्षीं देणार कीं नाहीं तेंहि त्याच पत्रांत कळवावें.