बुरशीची जात

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या बंधूंच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. शहरातील रुग्णालय आमच्या गावापासून दोन तासांच्या वाटेवर. शस्त्रक्रिया नीट पार पडली, दादा बोलू लागले, आणि वहिनींनी त्यांना घरी आणण्याची तयारी आरंभिली. तोच आठव्या दिवशी ताप चढला. भारी प्रतिजैविके चालू असूनही तो उतरेना. अखेरीस डॉक्टरीणबाईंनी मला बाजूस बोलावून सांगितले, "रक्तात बुरशी सापडली आहे."

बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर येते ती, एवढेच मला ठाऊक. बाईंनी शांतपणे समजाविले. कॅन्डिडा नावाची ही सूक्ष्म बुरशी नाताळात सान्ना फुगविणाऱ्या ताडीतील यीस्टची दूरची नातलग. पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात ती निमूटपणे राहते. परंतु प्रतिजैविकांनी तिच्या शेजारचे जंतू मेले, आतड्यावर शस्त्र चालले, किंवा मोठ्या शिरेत नळी फार दिवस राहिली, म्हणजे तिला रक्तात शिरावयास वाट सापडते. मग औषध देऊनही पुष्कळ ठिकाणी तीन रुग्णांतील एक तरी दगावतो.

दादांची मुलगी डब्लिनमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. त्या रात्री तिचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न केला, "काका, जात कोणती निघाली?"

मी चिडून म्हणालो, "अगं, रोगालाही जात असते काय?"

"असते, काका. आणि देशपरत्वे ती बदलते."

मग तिने जे सांगितले ते मी आजवर विसरलो नाही. उत्तर युरोपात कॅन्डिडा अल्बिकान्स ही जात पुढे असते. तिच्याखालोखाल ग्लॅब्राटा, विशेषतः वृद्धांत. दक्षिण युरोपातील व दक्षिण अमेरिकेतील बऱ्याच रुग्णालयांत पॅराप्सिलोसिसचा वाटा मोठा; ती नळ्यांना चिकटून राहते आणि सेवा करणाऱ्यांच्या हातांवरून पसरते. आपल्या देशात मात्र ट्रॉपिकॅलिस आघाडीवर. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतातील २७ अतिदक्षता विभागांच्या पाहणीत दर शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस जणांत तीच सापडली. रुग्णांची वये, औषधांचा वापर, नळ्यांची निगा, हातांची स्वच्छता, या सर्वांवर हा फरक अवलंबून असतो. म्हणून तिकडचे उपचार जसेच्या तसे इकडे चालतीलच असे नाही.

आणखी एका जातीचे नाव घेताना मात्र तिचा आवाज खाली आला. २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात सापडलेली ही जात, म्हणून तिचे नाव ऑरिस. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. लहानपणी लॅटिन मिस्सेला सेवा करताना घोकलेली ती भाषा अशा प्रसंगी पुन्हा भेटेल, असे वाटले नव्हते. ही जात आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथे जवळजवळ एकाच काळात वेगवेगळी उगवली. कित्येक औषधांना ती दाद देत नाही आणि खाटेच्या कठड्यावर दिवसचे दिवस टिकते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला अतिगंभीर बुरशींच्या यादीत घातले.

जातीचा अहवाल येईपर्यंत दादांना वेगळ्या खोलीत ठेविले. त्या दिवसांत मला एक गोष्ट सारखी बोचत होती. तापाच्या आधी एके दिवशी मी बसमधून उतरलो तो तडक आत गेलो आणि हात न धुता दादांचा हात धरला. सिस्टरने अडविले, तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो, "मी काय परका आहे?"

अहवाल आला : ट्रॉपिकॅलिस. औषध बदलले, शिरेतील जुनी नळी काढली, आणि पाचव्या दिवशी ताप उतरला. माझ्या हातांनी काही घडले होते काय, असे मी बाईंना भीतभीत विचारले. त्या म्हणाल्या, "बहुधा ती त्यांच्याच आतड्यातून आली. पण पुढच्या खाटेपर्यंत न्यावयास एक हात पुरतो." पुढची खाट तेव्हा रिकामी होती. तेथील आजीबाई आदल्या रात्री वारल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या आजाराने. तरीही मला त्या खाटेकडे पाहवले नाही.

निघताना मी त्या सिस्टरची क्षमा मागितली. ती हसली व तिने हात धुण्याच्या जागेकडे बोट दाखविले.

दादा आता अंगणात बसून पेज घेतात. परवा मला खोकला झाला, तेव्हा सवयीप्रमाणे मी औषधाच्या दुकानी गेलो आणि चिठ्ठीवाचून त्या रंगीत प्रतिजैविक गोळ्या मागणार, तोच पुतणीचा प्रश्न आठवला. वाचकहो, मी गोळ्या न घेताच परतलो. वहिनींनी आल्याचा काढा दिला. त्याआधी मी हात धुतले.