शिदोरी नसलेलं बी

टारफुला फुलावर यायच्या आत उपटायचा, हे मला सासूबाईंनी शिकवलं. वनस्पतीशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या सुनेला निंदणाची अक्कल नव्हती. खुरप्यानं नुसता शेंडा उडवून भागत नाही. वापसा असताना मातीत बोटं घालून बुडाशी धरून ओढावं लागतं. पांढरी फुलं सुकली की बोंडातून बी गळतं, नुसती धूळ. एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत. शिवाय तो वर दिसतो तेव्हा उशीरच झालेला असतो. तोवर कित्येक दिवस ज्वारीच्या मुळाला चिकटून खाली त्याचं जेवण चाललेलं असतं.

बांधावरच्या मोहावर रास्ना आहे, एक ऑर्किड. तिची शेंग तळहातावर फोडली तेव्हा तीच धूळ. बियात शिदोरीच नाही! ऑर्किडचं बी बुरशीनं घास भरवला तरच रुजतं. १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी हे ओळखलं, तेही हिरवेपण गमावलेल्या, पाखराच्या घरट्यासारखी मुळं असलेल्या ऑर्किडच्या रोपांवरून. रास्ना मोठी झाली की आपलं अन्न आपण करते. काही भाऊबंदांनी मात्र बाळपणीचं ताट सोडलंच नाही. दाट रानात खाली ऊन येत नाही, बुरशीला कित्येकदा झाडांच्या मुळांकडून साखर मिळत असते. मग पानं पोसायची कशाला? एपिपोगियम रोझियम या ऑर्किडच्या हरितलवकातला जनुकसंच जेमतेम १९ हजार अक्षरांचा उरलाय; हिरव्या झाडांत तो दीड लाखाच्या आसपास असतो. आमच्या ज्ञानगंगेच्या पानगळी रानात तसलं ऑर्किड मला कधी दिसलं नाही.

टारफुल्याची तऱ्हा वेगळी. त्याला जागं करणारं रसायन १९६६ साली सापडलं ते कपाशीच्या मुळांतून. मुळं ते सोडतात कशाला, याचा उलगडा २००५ मध्ये जपानी संशोधकांनी केला: बुरशीला बोलवायला. स्फुरद कमी पडला की हाका वाढतात. आवतण बुरशीला, आणि कान लावून बसलेला टारफुला! कपाशीच्या हाकेनंही तो जागा होतो, पण तिच्या मुळाला त्याला चिकटता येत नाही, उपाशीच मरतो. ज्वारीला कपाशीचा बेवड चांगला, असं सासूबाई म्हणायच्या.

आता सोयाबीनच जास्त. ज्वारी भाकरीपुरती आणि कडब्यापुरती. तरी भादव्यात मी तासातासातून फिरते. चुकून फुलावर आलेलं झाड बांधावर टाकत नाही. गोणीत भरून घरी आणते आणि चुलीत घालते.