चिंच चालेल, अमोनिया नको



गेल्या पॉटलकला आमच्या गराजमध्ये पितळेच्या रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेला डबा बघून तिघाचौघांनी विचारलं, "काय रे, भंगाराचा धंदा काढलास की काय?" तेव्हा ताटं हातात होती, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी व्हिसाचं. मी टेक्सासला रेंजवर जायला लागलो तो ग्रीन कार्ड हातात पडल्यावरच. एच-वन किंवा एफ-वनवर असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि ॲम्युनिशनही नाही. हंटिंग लायसन्ससारखे काही मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. आणि गंमत म्हणजे त्या कायद्यातल्या ॲम्युनिशनच्या व्याख्येत नुसती कार्ट्रिज केस, म्हणजे आपली पुंगळी, हीसुद्धा स्पष्ट शब्दांत आहे. तेव्हा मित्राबरोबर रेंजवर जाऊन "आठवण म्हणून" चार पुंगळ्या खिशात टाकण्याचा मोह एच-वनवाल्यांनी आवरावा. इतक्या वर्षांची रांग, आणि घोळ कशावरून, तर पितळेवरून!

आता पुंगळी. गोळी उडते, दारू जळते, प्रायमर फुटतो. उरते ती पुंगळी. काडतुसातला सगळ्यात महाग भाग बहुधा हाच, आणि नेमका तोच पुन्हा वापरता येतो. म्हणून इथे कित्येक जण घरी रिलोडिंग करतात. धातू म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. मी खडकीचा. तिथली ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ सालची, तिच्या भिंतीवरून रोज शाळेत गेलो. पण पुंगळी प्रथम हातात घेतली ती डॅलसजवळ. असो.

धुण्याआधी प्रत्येक नग बघायचा. चुकून एखादं न उडालेलं काडतूस आत गेलंय का, हे सर्वांत आधी. लोखंडी असेल तर लोहचुंबकाला चिकटते, ती बाजूला. आत डोकावून दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन, आपल्या कामाची नाही. मधोमध एकच भोक हवं. मानेला चीर असेल तर भंगारात. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवायचं. खाच लागली तर पुंगळी तिथूनच तुटायच्या बेतात आहे. इथे कंजुषी करू नये, ही गोष्ट चेहऱ्यापासून काही इंचांवर फुटते.

मग सफाई. आई गेल्या उन्हाळ्यात आली होती. फिरणारा ड्रम बघून म्हणाली, "अरे, मशीन कशाला? चिंच लाव की!" आईचं केमिस्ट्री बरोबर आहे. ड्रममध्ये पाणी, भांड्यांच्या साबणाचे थेंब, स्टीलच्या बारीक सळ्या आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालतात; चिंचेतल्या आम्लाचंच काम ते करतं. फक्त जास्त वेळ ठेवू नये. जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी पडतं. देवघरातली समई चिंचेत विसरली की होते तशी.

पण चमक आणायला अमोनिया असलेलं पॉलिश किंवा काच पुसायचं लिक्विड मात्र अजिबात नको. ह्याचा इतिहास आपल्याच देशातला. ब्रिटिश लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि न उडवताच पुंगळ्यांना चिरा पडत. पावसाळ्यात पडतात म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. खरं कारण १९२१ मध्ये समजलं: पुंगळी बनवताना धातूत उरलेला ताण, अधिक घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, अधिक दमट हवा. पितळ वरून धड दिसतं आणि आतून चिरतं. मटेरियल सायन्सच्या पेपरला हे "स्ट्रेस करोजन" म्हणून घोकलं होतं. घोड्याचं कोणी सांगितलं असतं तर जन्मभर लक्षात राहिलं असतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा प्रपंच. आईने पुढचं वाक्य टाकलं, "दे इकडे, सिंकमध्ये घासून टाकते." मी जवळजवळ ओरडलोच, "आई, हात नको लावूस!" बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, आणि ते उडाल्यावर काजळी होऊन पुंगळीत बसतं. कोरड्या ड्रममध्ये, म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा घालून फिरवतात त्यात, तीच काजळी धूळ बनून उडते. आमची मुलगी तीन वर्षांची, सगळं तोंडात घालते. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही; सीडीसीने लक्ष द्यायची रेषा २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरवर आणली.

म्हणून आमच्याकडे सगळं गराजमध्ये, ओलं, ग्लोव्हज घालून. ते काळं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जात नाही. पुंगळ्या किचनच्या ओव्हनमध्ये वाळत नाहीत. कपडे वेगळे धुतो, बूट बाहेर (हा आपला जुना नियम इथे फार कामाचा), आणि हात पुसायला शिसं काढणारे वेगळे वाइप्स. आपल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टर हळद, काजळ, कुंकू विचारतात. ह्या छंदाचं आपण होऊन सांगावं आणि लेड टेस्ट मागून घ्यावी. आमची दर वर्षी होते.

पुढचं काम निवांत: वंगण लावून डायमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, ताणून वाढलेली लांबी कापायची. माझ्या .३०८ विंचेस्टरला कमाल २.०१५ इंच, मी २.००५ वर कापतो. कॅलिपर घेऊन बसलं की ऑफिसातलं सगळं विसरायला होतं.

आणि हो, भारतवारीला रेंजची बॅग केबिन बॅग म्हणून नेऊ नका. अस्तरात अडकलेल्या एका काडतुसावरून आपल्याकडच्या विमानतळांवर आर्म्स ॲक्टखाली गुन्हे नोंदवले गेलेत. माझी बॅग गराजच्या खुंटीवरच असते, घरात येत नाही.