तळ आणि छत

वडीगोद्रीच्या परिसरात जमिनीखालचे ज्ञान म्हणजे विहिरीचे ज्ञान. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक आणि शेवटी काळा पाषाण, हा क्रम इथे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ असतो. पाणी मुरत खाली उतरते आणि अभंग पाषाणावर येऊन थांबते. पाण्यासाठी तळ पक्का हवा, हे आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही.

त्यामुळेच 'नैसर्गिक वायूचा साठा' हा शब्दप्रयोग आम्हांला चकवतो. साठा म्हटले की कोणीतरी भरून ठेवलेले पेव डोळ्यांसमोर येते. वायू मात्र कोणी साठवलेला नसतो. वाटेत अडलेला असतो. खडकाच्या छिद्रांत भरलेल्या पाण्यापेक्षा तो हलका, म्हणून सतत वर सरकणारा. त्याला तळ नव्हे, छत लागते.

केवळ छतानेही भागत नाही. आधी गाळाबरोबर सेंद्रिय द्रव्य पुरले गेले पाहिजे. प्राणवायूवाचून सूक्ष्मजीवांनी ते कुजवावे, किंवा खोलवरच्या उष्णतेने त्याचे रूपांतर व्हावे. मग वायूला सामावून घेणारा सच्छिद्र वालुकाश्म वा चुनखडक हवा, त्यावर घट्ट चिकणमातीचा थर हवा, आणि बाजूंनीही वाट बंद हवी. शिवाय हे सारे योग्य क्रमाने घडावे लागते. छत उशिरा तयार झाले, तर वायू केव्हाच निघून गेलेला असतो.

एका अवर्षणाच्या साली, वडिलांच्या तीन बोअर कोरड्या गेलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पाणी नाही तर नाही, आपल्या रानाखाली गॅस तरी असेल का?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. आपला पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या आगीत जीवसृष्टीचा अंश टिकून पुढे वायू व्हावा, हे शक्य नव्हते. त्याला तसेच सांगितले.

पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. गावाच्या दक्षिणेला शहागडवरून गोदावरी जाते. लाखो वर्षे तिने दख्खनची माती पूर्वेला वाहून नेली. बंगालच्या उपसागरात, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, नद्यांनी आणलेल्या वाळूचे पट्टे समुद्रतळावर पसरले आणि बारीक चिकणमातीने ते झाकले. २००२ साली तिथे, केजी-डी६ क्षेत्रात, वायू सापडला. धीरूभाई-१ व ३ या विहीरक्षेत्रांतला वायू सूक्ष्मजीवांनीच घडवलेला होता. उत्पादन एप्रिल २००९ मध्ये सुरू झाले, लवकरच झपाट्याने घसरले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती दोन्ही क्षेत्रे बंद झाली. दाब उतरला, विहिरींत पाणी शिरले. वाळूचे पट्टे एकमेकांशी किती जोडलेले आहेत, यावरही हाती येणारा वायू ठरतो.

म्हणजे आमच्याकडची माती तिकडे वायूचे छत होण्याच्या कामी आली. इकडे माळ मात्र उघडे पडले. पृथ्वीच्या हिशेबात याला तोटा म्हणता येणार नाही. त्या मुलाच्या घरचा हिशेब निराळा आहे. तिथे एका पावसाळ्यात वाहून गेलेला वीतभर थर पुन्हा घडायला हजारो वर्षे लागतात. म्हणून गॅसचा प्रश्न संपल्यावर आम्ही बांधबंदिस्तीविषयी बोललो, आणि तो तास खूप लांबला.