नळदुर्गचा साहेब

मुलांनो, पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गाची सहल नळदुर्गच्या किल्ल्यात गेली होती. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधलेला. बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ असे दोन धबधबे धो धो कोसळत होते.

"बाई, या किल्ल्यात कोण राहायचं?" मुलांनी विचारलं.

मी म्हटलं, "एक परदेशी साहेबसुद्धा राहायचा!"

त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो हिंदुस्थानात आला. १८५३ साली निजामाने नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारला दिला आणि टेलर इथला अधिकारी झाला. १८५७ पर्यंत तो इथे होता. घरचं पत्र यायला कित्येक आठवडे लागत. पण त्याने इथली माणसं, सण, चालीरीती मन लावून पाहिल्या. १८६३ साली त्याची ‘तारा’ ही कादंबरी आली. तिची नायिका चक्क आपल्या तुळजापूरची!

"पण तो तर साहेब," मी म्हटलं. "तो बोलताना चुकला, तर त्याला हसायची कुणाची हिंमत?"

सगळे गप्प झाले. आमच्या वर्गात बिहारहून आलेला एक मुलगा आहे. त्याचं मराठी चुकलं की मुलं फिदीफिदी हसायची.

परतताना एकाने त्याला खिडकीजवळची जागा दिली. हळूच विचारलं, "तुमच्याकडं भाकरीला काय म्हणतात रे?"

मग तुळजापूर येईपर्यंत दोघांच्या गप्पा काही संपल्या नाहीत!