पिकअप आणि पकड

आपाचा फोन दिवाळीच्या सुट्टीच्या चार दिवस आधी आला. "शारजाला चाललायस ना? मग थोरल्याला सांग, ती गाडी विकून टाक म्हणावं. तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल." मास्तरांचं कोण किती ऐकतं हे वीस वर्षं वर्गात उभं राहून मला नीट कळलंय, पण मोठ्या बहिणीला नाही कसं म्हणणार? "सांगतो," म्हटलं.

ही गोष्ट नोव्हेंबर २०१९ची. आपाची दोन्ही मुलं शारजात. थोरला एका गोदामाचे हिशेब पाहतो, धाकटा एसीच्या दुरुस्तीत. दोघांनी मिळून माझं तिकीट काढलं होतं. थोरल्याने त्याच वर्षी हप्त्यांवर सेकंडहँड फोर्ड मस्टँग घेतली होती, २०१५ची, जीटी. आपल्याकडे ही गाडी २०१६ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ६५ लाखांच्या घरात होती. तिकडे जुनी घेतली तर नोकरदार पोरालाही ओढूनताणून जमते. थोरल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा आवाज पाठवला होता. गाडीचा फोटो नव्हे, नुसता आवाज. तो ऐकला तेव्हापासून आपाची झोप गेली होती.

धाकट्याकडे टोयोटा ८६. तिच्याबद्दल आपाची काहीच तक्रार नव्हती. लहान गाडी, टोयोटाची, म्हणजे सुरक्षित, असा तिचा साधा हिशेब.

मी पोहोचलो त्याच रात्री जेवणाच्या दस्तरखानावर वाद सुरू झाला. कोणाची गाडी चांगली? थोरला म्हणाला, "मामू, पिकअप बघा, मग बोला." धाकटा म्हणाला, "पिकअप कोणीपण विकत घेतो. वळणावर बघा." शेवटी ठरलं की जुम्म्याला नमाज पढून दोन्ही गाड्या घेऊन रास अल खैमाच्या जबल जैसवर जायचं आणि मामूने निकाल द्यायचा. मी आलो होतो गाडी विकायला सांगायला आणि बसलो पंच होऊन. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. कशेडी घाटातल्या वळणांवर ते स्टेअरिंग कसं सोडतात आणि कसं धरतात हे बघत मी लहानाचा मोठा झालो. गाडीच्या गप्पा निघाल्या की माझ्यातला शिक्षक आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसतो.

आधी थोडे आकडे सांगतो. मस्टँगमध्ये पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४३५ हॉर्सपॉवर, गाडीचं वजन १,७०० किलोच्या जवळपास. टोयोटा ८६ मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, २०० हॉर्सपॉवर, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास. वजनाच्या हिशेबाने पाहिलं तर मस्टँगच्या दर टनामागे अडीचशेहून जास्त घोडे आणि ८६च्या टनामागे एकशे साठ. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किलोमीटरला जायला पहिलीला पाच सेकंदांच्या आसपास लागतात, दुसरीला साडेसात. कागदावर फरक अडीच सेकंदांचा. वर्गात हजेरी घेताना अडीच सेकंदांत दोन नावंसुद्धा होत नाहीत.

पण सीटवर बसल्यावर अडीच सेकंद म्हणजे काय ते कळतं. जुम्म्याची नमाज झाली, थोरल्याबरोबर मस्टँगमध्ये बसलो. हायवेला लागणाऱ्या लेनमध्ये त्याने मागे-पुढे पाहिलं आणि पाय दाबला. मी सवयीने सफरची दुआ पुटपुटायला घेतली होती. दुआ अर्ध्यात असतानाच काटा शंभरवर. डोकं मागे सीटला चिकटलेलं, पोट जागेवरच राहिलेलं, आणि तो आवाज, जो फोनवर ऐकून आपा घाबरली होती, तो पाठीच्या कण्यातून आत येत होता. थोरल्याने लगेच पाय उचलला, कारण पुढे कॅमेरे होते. "काय मामू?" मी काहीच बोललो नाही. दुआ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

वाटेत पेट्रोल पंपावर मी गाडी बदलली. धाकट्याच्या ८६मध्ये बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. तीच लेन, तसाच पाय. पण इथे हाताला काम होतं. गिअर टाका, इंजिन सात हजारांपर्यंत फिरवा, पुन्हा गिअर. इंजिन ओरडत होतं, गाडी मात्र सांगून-सवरून वेगात जात होती. यावेळी माझी दुआ जवळजवळ पूर्ण झाली.

त्या दुआत सवारीला आपल्या ताब्यात देणाऱ्याची स्तुती आहे, आणि आपल्या बळावर आपण तिला काबूत आणलं नसतं अशी कबुली आहे. उर्दू शिकवताना 'मुसख्खर' हा शब्द मी फळ्यावर लिहितो तो त्याच धातूतून आलेला. ताब्यात आलेला, वश झालेला. इंग्रजीतल्या हँडलिंगला उर्दूत किंवा मराठीत नेमका शब्द काय, हा विचार मी त्या गाडीत बसून करत होतो. पुस्तकात अ‍ॅक्सिलरेशनला मराठीत त्वरण आहे, उर्दूत इसराअ आहे. पण गॅरेजात कोणी त्वरण म्हणत नाही, सगळे पिकअपच म्हणतात. हँडलिंगला मात्र अब्बांकडे शब्द होता. नवी बस डेपोत आली आणि पहिली फेरी मारून आले की म्हणायचे, "चांगली हाताला लागते." किंवा, "हाताला लागत नाही." याहून नेमकं मला अजून सापडलेलं नाही.

जबल जैस म्हणजे संयुक्त अरब अमिरातीतला सगळ्यात उंच डोंगर, १,९०० मीटरहून जास्त. झाड नाही, गवत नाही, नुसता राखाडी-तपकिरी दगड आणि त्यावर टाकलेली काळीकुळकुळीत डांबराची पट्टी. आमच्या परशुराम घाटातून पावसाळ्यात गेलेल्या माणसाला तो रस्ता पाहून रडूच येईल. खड्डा नाही, दरड नाही, वळणावर उभा ट्रक नाही. वर जाताना मी ८६मध्येच होतो.

आणि इथे धाकट्याची गाडी बोलायला लागली. या गाडीचं इंजिन आडवं पसरलेलं आहे, पिस्टन डावीकडे-उजवीकडे चालतात, त्यामुळे ते खाली बसवता आलं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षाही खाली. वळणावर ती कलत नाही. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं की नाक चार बोटंच फिरतं, त्याच क्षणी. नाव ८६ कशावरून, तर १९८३ च्या एका कोरोलाचा अंतर्गत क्रमांक एई-८६ होता, तिचा हा वारसा. नव्या गाडीच्या सिलिंडरचा व्यासही ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. जपानी माणसाचा हट्ट! धाकटा हे सगळं कुराण हिफ्ज केलेल्या पोराच्या उत्साहाने सांगत होता. वेग किती होता म्हणाल, तर फलकावरच्या आकड्याच्या आतच. तरी मी हसत होतो. एवढ्या कमी वेगात एवढी मजा येते हे मला ठाऊकच नव्हतं.

मस्टँग मागून येत होती. प्रत्येक सरळ पट्ट्यात ती आरशात मोठी व्हायची आणि प्रत्येक वळणावर पुन्हा लहान. २०१५ च्या मॉडेलपासून मस्टँगची मागची दोन्ही चाकं स्वतंत्र झाली, त्याआधी बहुतेक मस्टँगना ट्रकसारखा मागे एकच अख्खा अ‍ॅक्सल असे. म्हणजे ही काही वळायला नालायक गाडी नव्हे. मग ती एवढी का मागे पडत होती? मला वाटलं, वजन. ते कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं, हे नंतर कळलं.

वर चहा पिताना मी दोघांना टिश्यू पेपरवर गणित मांडून दाखवलं. सवय जात नाही. समजा वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ६० ने गेलात तर गाडीला बाहेर ओढणारा जोर तिच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त. ८० ने गेलात तर तोच जोर जवळजवळ गाडीच्या वजनाइतका. वेग फक्त एक तृतीयांशाने वाढला, ओढ मात्र पावणेदोन पट झाली. आणि चांगला रस्त्यावरचा टायर कोरड्या डांबरावर साधारण इतकंच झेलतो, त्यापुढे सुटतो. मग गाडी ४३५ घोड्यांची असो की २०० ची. त्या वळणाला इंजिनाशी काही घेणंदेणं नाही. आता गंमत बघा, ६० वरून ८० ला जायला धाकट्याला तीनेक सेकंद लागतात. थोरल्याला दोनही लागत नाहीत.

थोरला बराच वेळ त्या टिश्यूकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझी गाडी मला तिथं लवकर पोचवते."

"हो."

"जिथं दोघांचीही संपते."

मी मान हलवली. आपाचा निरोप सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. पण माझं तोंड उघडलं नाही, त्याला कारण माझा डावा गुडघा. बीएडच्या वर्षी माझ्याकडे सेकंडहँड आरएक्स १०० होती. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि त्या वयात मला वाटायचं की जगात याहून जास्त पिकअपची गरज कोणाला नाही. एका वळणावर खडी दिसली आणि मी वळता वळताच पुढचा ब्रेक दाबला. टायरची पकड पगारासारखी असते, ब्रेकला दिलात तेवढा वळायला कमी उरतो. माझा महिनाअखेर तिथेच झाला. तीन आठवडे आपाने माझी जखम धुतली आणि अब्बांना "पाय घसरला" म्हणून सांगितलं. आता त्याच आपाच्या पोराला मी उपदेश कोणत्या तोंडाने करणार?

उतरताना मी मस्टँगमध्ये बसलो. तिसऱ्या-चौथ्या मोठ्या वळणानंतर नाकात एक वास शिरला. जळका, क्लचच्या वासासारखा, पण थोडा वेगळा. ब्रेकचा. थोरल्याची गाडी ऑटोमॅटिक, लिव्हर 'डी' वर टाकून तो निवांत उतरत होता आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबत होता. पुढच्या वळणाला ब्रेक पॅडल नेहमीपेक्षा खोल गेलं. त्याने मला काही सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा मी पाहिला. पोरगा घाबरला की तो आपासारखा दिसतो.

"लिव्हर मॅन्युअलला घे," मी म्हटलं. "दुसरा गिअर."

अब्बांचा नियम साधा होता. ज्या गिअरने घाट चढलास त्याच गिअरने उतर. इंजिनाला गाडी धरू दे, ब्रेक राखून ठेव. पंचावन्न माणसं घेऊन त्यांनी कशेडी किती हजार वेळा उतरला असेल, याच नियमावर. त्यांच्या नातवाने ४३५ घोड्यांचं इंजिन विकत घेतलं होतं आणि ते गाडी थांबवायलाही उपयोगी पडतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या गिअरला इंजिन गुरगुरलं, गाडी जड झाली, हातात आली. पुढची दोन वळणं ब्रेक न लावता गेली. रुंद जागा दिसल्यावर आम्ही थांबलो, ब्रेक निवायला.

धाकटा मागे येऊन थांबला. त्या वीस मिनिटांत मी गाडीभोवती फिरलो आणि उकिडवा बसून मागचा टायर पाहिला. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. तिथे होतं १११५. म्हणजे २०१५ च्या अकराव्या आठवड्यात बनलेला, गाडीबरोबर कारखान्यातून आलेला. साडेचार उन्हाळे, आणि तेही आखातातले. नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं. नक्षी शिल्लक होती म्हणून कोणाला शंका आली नव्हती. वर चढताना मस्टँग वळणावर का मागे पडत होती त्याचं निम्मं उत्तर माझ्या नखाखाली होतं.

"सायलेन्सर बदलायला किती लागले?" मी विचारलं. त्याने आकडा सांगितला. धाकटा लगेच म्हणाला, तेवढ्यात चारही टायर आले असते. थोरल्याने त्याला गप्प बसवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

म्हणजे स्पर्धाच बरोबरीची नव्हती. नव्या टायरांवरची हलकी गाडी आणि म्हाताऱ्या टायरांवरची जड गाडी, यात मी निकाल काय देणार? तरी दिला, कारण दोघांनी पिच्छा सोडला नाही. पिकअप मस्टँगचा, त्यात वादच नाही, तसा अनुभव मला पुन्हा मिळणार नाही. पण रोज सकाळी चावी घेऊन कोणत्या गाडीकडे जाशील असं विचाराल तर ८६. तीत मी काहीतरी करत असल्यासारखं वाटतं. मस्टँगमध्ये माझ्यावर काहीतरी होत असतं. धाकटा नाचायला लागला. मी त्याला त्याच्याही टायरवरचे आकडे वाचायला लावले.

रात्री आपाचा फोन आला.

"सांगितलंस त्याला?"

"सांगितलं."

"काय म्हणाला? विकतोय?"

"टायर बदलतोय."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने विचारलं, "तू बसलास त्या गाडीत?"

"बसलो."

"वेगात?"

मी गुडघ्यावर हात ठेवला. "आपा," म्हटलं, "अब्बांच्या गिअरात उतरलो."

"फोन त्याच्याकडे दे," ती म्हणाली.